‘सोनाई’ची बारीक शिट्टी

किशोरीला दिघीला बहिणीकडे जायचं होतं. एसटीने आधी बोर्ली, मग तिथून दुसरी गाडी, त्यापेक्षा ती सरळ नवऱ्याच्या बोटीत बसली. बोटीचा तांडेल, म्हणजे कप्तान, हरेश्वर तसाही ‘सोनाई’ला तळाचा रंग लावायला दिघीच्या खाडीत नेणार होता. भरडखोलच्या बायका मासळी विकतात, सुकवतात, भावावरून व्यापाऱ्यांशी भांडतात, पण बोटीवर सहसा जात नाहीत. किशोरीचाही उभा जन्म बंदरावर गेला होता, तरी चालत्या इंजिनाच्या इतकं जवळ ती कधी बसली नव्हती.

बंदर मागे पडलं तसा हरेश्वरने वेग वाढवला. पायाखालच्या फळ्या थरथरायला लागल्या. सदा, त्यांचा जुना खलाशी, नाळीवर, बोटीच्या पुढच्या टोकाला, बसून दोर गुंडाळत होता. थोड्या वेळाने किशोरीच्या कानात काहीतरी बारीक टोचायला लागलं. आधी तिला वाटलं, तिच्या मोबाईलचाच आवाज. तिने पिशवीतून तो काढून पाहिला. मोबाईल गप्प होता.

“अवो, ही शिट्टी कसली?”

“कसली शिट्टी?” सुकाणूवरचा हात न काढता हरेश्वरने विचारलं.

“ही काय. आता वाजतेय ती.”

हरेश्वरने मान तिरकी करून इंजिनाकडे कान दिला. इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून कुठला नट सैल झालाय ते सांगणारा माणूस, अशी बंदरावर त्याची ख्याती होती. “झ्याक चाललंय,” तो म्हणाला. “पट्टासुदीक करकरत न्हाय.”

किशोरीने सदाकडे पाहिलं. सदाने नजर समुद्राकडे वळवली, आणि तिथेच तिला काहीतरी खटकलं.

“सदाभावजी, तुम्हाला ऐकू येतंय ना?”

“येतंय, वयनी.”

“कवापासनं वाजतंय?”

“झालं की बरेच दिवस.” सदा दोराशी चाळा करत राहिला. “तांडेल काय बोलत न्हाईत, म्हंजे त्यांना ठावं असंल, म्हटलं. आपण कशाला मधी बोलायचं?”

हरेश्वरने हळूहळू वेग उतरवला. जरा वेळाने किशोरी म्हणाली, “थांबली.” त्याने पुन्हा वेग वाढवला. आता तो इंजिनाकडे बघत नव्हता, तिच्या तोंडाकडे बघत होता. “आली,” ती म्हणाली, तेव्हा त्याने फक्त मान हलवली.

सुकाणूच्या वर एक काळी डबी चिकटवलेली होती. इंजिन बसवताना मिस्त्रीने सांगितलं होतं की काही बिघडलं की ही डबी ओरडेल आणि तिच्यातला लाल दिवाही लागेल. खाऱ्या हवेने दिव्याची वाट केव्हाच लावली होती, आणि शेजारच्या काट्याची काच इतकी धुरकटली होती की आत काटा आहे की नाही तेही कळत नव्हतं. राहिला होता तो आवाज, आणि तो हरेश्वरपर्यंत पोचतच नव्हता.

दिवेआगरच्या समोर, किनाऱ्यापासून जरा आत, त्याने नांगर टाकला.

“डबी दोनच गोष्टींना ओरडते,” तो म्हणाला. “तेलाचा दाब उतरला तर, न्हायतर इंजिन तापलं तर. तेल असंल तर हिथंच बंद करून दुसऱ्या बोटीला हाक मारायची. न्हायतर इंजिन जाम व्हईल.”

“मग दोनातलं कुठलं, ते कसं कळायचं?” किशोरीने विचारलं. तिला भीती वाटायला हवी होती, पण भीतीपेक्षा नवलच जास्त वाटत होतं. आजवर इंजिन म्हणजे तिच्या लेखी डिझेल पिणारं एक धूड होतं.

हरेश्वरने फळ्या उचलल्या. सळई ओढून, पुसून, पुन्हा बुडवून तेल पाहिलं. तेल खुणेला बरोबर होतं. पण भांड्यात तेल आहे म्हणजे दाबही आहे असं नसतं, असं म्हणत त्याने किशोरीला डबीजवळ उभं केलं. “मी काय करतो ते बघू नको. नुसतं ऐक आन् सांग.”

इंजिन चालू न करता त्याने चावी अर्धी फिरवली.

“वाजते.”

“वाजायलाच पायजे. इंजिन बंद, म्हंजे तेलाला दाब न्हाय.” त्याने इंजिनाच्या कुशीतली एक वायर काढली. “आता?”

“गप्प.”

“ही तेलाची वायर. ही अशीच काढून ठेवतो. आता इंजिन चालू केल्यावर वाजली तर तेलाचा काय संबंध न्हाय.”

किशोरीला ते एकदम पटलं. दोघांवर संशय असला की एकाला घराबाहेर पाठवायचं आणि मग कोण बोलतं ते बघायचं. इंजिन सुरू झालं. डबी गप्प. हरेश्वरने नांगरावरच वेग वाढवला आणि तिघेही वाट बघत राहिले. सदासुद्धा दोर सोडून जवळ येऊन बसला होता.

“वाजली,” किशोरी आणि सदा एकदमच म्हणाले.

हरेश्वरने लगेच वेग उतरवला आणि सुटल्यासारखा श्वास सोडला. तेलाचा दोष नव्हता. इंजिन तापत होतं. तेलाची वायर त्याने परत जागेवर लावली.

इंजिन थंड राहतं ते समुद्राच्या पाण्यावर. बोटीच्या तळाला भोक असतं, त्यावर जाळी. तिथून पंप पाणी ओढतो, ते इंजिनाभोवती फिरतं आणि बोटीच्या कुशीतल्या नळीतून बाहेर पडतं. किशोरी काठावरून वाकून त्या नळीकडे बघत राहिली. मंद वेगात मनगटाएवढी धार पडत होती. तिने वेग वाढवायला लावला तर धार आणखी जाड व्हायच्या ऐवजी बारीक झाली आणि तिच्याबरोबर वाफ यायला लागली.

“उलटंच हाय की,” ती म्हणाली. “जास्त पळवलं की कमी पाणी.”

हरेश्वरने इंजिन बंद केलं, तळाचा कॉक बंद करून आतलं गाळणीचं भांडं उघडलं. आत दोनचार शिंपले, बाकी स्वच्छ. त्याने कॉक जरासा उघडला तर पाणी भसाभस वर आलं.

“वाट मोकळी हाय,” तो वैतागून म्हणाला. “मग पंपच गेला असंल. दिघीला मिस्त्री मिळतो का बघू. हळूहळू जाऊ.”

किशोरीचं समाधान होईना. पंप गेला असता तर मंद वेगात तरी एवढी धार कशी पडली असती? ती भांड्यातून वर येणाऱ्या पाण्याकडे बघत बसली.

“अवो, हे पाणी आपसूक वर येतंय. कुणी ओढत न्हाय त्याला.”

“मग?”

“शहाळ्यात नळी घातली आन् जोरात ओढलं, की मलई नळीच्या तोंडाला चिकटते. ओढायचं थांबलं की सुटते. मग शहाळं उलथं केलं तर पाणी सगळं पडतंच की.”

हरेश्वर तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने कॉक बंद केला, झाकण घट्ट बसवलं आणि शर्ट काढायला लागला. पण सदा म्हणाला, “तुम्ही ऱ्हावा, तांडेल. मी उतरतो.” त्याने कमरेला दोर बांधला, चुकून इंजिन चालू होऊ नये म्हणून चावी काढून किशोरीच्या मुठीत दिली आणि पाण्यात शिरला. पहिल्या बुडीला तो रिकाम्या हाताने वर आला. दुसऱ्या बुडीनंतर त्याच्या हातात निळ्या ताडपत्रीचा एक फाटका तुकडा होता. जाळीच्या बोल्टात त्याचा एक कोपरा अडकला होता. पंपाने जोरात ओढलं की तुकडा जाळीला चिकटत होता, वेग उतरला की पदरासारखा लोंबत होता.

इंजिन थंड झाल्यावर त्यांनी पुन्हा चालू केलं. वेग वाढवला तशी धार जाड होत गेली. डबी गप्पच राहिली.

“वाजत न्हाय ना?” हरेश्वरने तरी विचारलंच.

“न्हाय.”

नांगर उचलून ते निघाले. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “कशी वाजते गो ती?”

किशोरीने जीभ टाळूला लावून आवाज काढून दाखवला. त्याने लक्ष देऊन ऐकलं. “हे ऐकू आलं,” तो म्हणाला.

“कारण मला तेवढं बारीक काढता येत न्हाय.” मग तिला आठवलं आणि ती सरसावून बसली. “घरातल्या कुकरची शिट्टी?”

हरेश्वर सुकाणूकडे बघायला लागला. त्या कुकरवरून ती त्याला किती वेळा बोलली होती. डाळ करपली तरी बाजूला बसलेला माणूस उठत नाही म्हणून.

“आन् टिटवी?”

“टिटव्या ऱ्हायल्या कुठं आता बंदरावर,” तो सहज म्हणाला, आणि म्हणता म्हणता थांबला. टिटव्या सकाळीच ओरडत होत्या.

पुढच्या आठवड्यात ती त्याला माणगावला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. जाड आवाज शाबूत आहेत, बारीक आवाज गेले, आणि गेलेले परत यायचे नाहीत. राहिलेले सांभाळायचे तर इंजिनाजवळ कान झाका, असं डॉक्टर म्हणाले. हरेश्वरने ते शांतपणे ऐकून घेतलं. सदाला मात्र त्याने बंदरावर चारचौघांत बजावलं, “मला ठावं असंल असं कवा धरू नको. ऐकलंस की बोलायचं.” तेव्हापासून सदा पातेल्याचं झाकण हललं तरी येऊन सांगतो.

डबीच्या वायरीला जोडायला भोंगा हवा म्हणून श्रीवर्धनच्या एका दुकानात हरेश्वरने दुकानदाराला एकामागून एक भोंगे वाजवायला लावले. किशोरी शेजारी उभी राहून कुठल्याला त्याची मान वळते ते बघत होती. शेवटी ट्रकचा एक जाडा, घोगरा भोंगा वाजला आणि बाहेर रस्त्यावरची माणसंही वळून बघायला लागली. हरेश्वर हसला.

“ह्यो,” तो म्हणाला. “परत एकदा वाजवा.”