वीस अंशांची रेघ

मी भिंतीवर टांगायचा थर्मामीटर. पाठ लाकडाची, अंग काचेचं, आत पाऱ्याची बारीक रेघ आणि बाजूला शून्यापासून एकशेतीसपर्यंत फॅरनहाइटचे आकडे. जन्म विलायतेचा, पण आयुष्य गेलं सोलापुरात, एका कापडगिरणीच्या मागखात्यात. बारा वर्षांत तिथं मी पंचावन्नच्या खाली कधी उतरलो नाही. खालचे आकडे नुसते अंगावर होते.

एकोणीसशे सव्वीस साली नवे थर्मामीटर आले आणि मी भंगारात गेलो. तिथून मला मडिवाळप्पानं उचललं. तो गिरणीचा बॉयलरवाला. वाफेचा दाब दाखवणाऱ्या घड्याळामुळं त्याला आकडे कळायचे, अक्षरं नाही. त्याचा एकुलता एक मुलगा तिप्पण्णा बापाच्याच हाताखाली बॉयलर शिकला, मुंबईला पळाला आणि जहाजावर बॉयलरला कोळसा घालणारा आगवाला झाला. ते जहाज पृथ्वीच्या अगदी खालच्या टोकाला, बर्फाच्या समुद्रात देवमासे मारायला जायचं. कार्तिकात जायचं, चैत्रात परत फिरायचं. मधले पाच महिने ना पत्र, ना निरोप.

मडिवाळप्पा मला घेऊन गिरणीतल्या यज्ञेश्वरपंत कारकुनांकडं गेला. तिप्पण्णाची पत्रं तेच वाचून दाखवायचे.

"पंत, तितं थंडी किती आसंल?"

पंतांनी माझ्या वीसच्या आकड्यावर नख टेकवलं. "एवढी तरी असेल. बत्तीसला पाण्याचा बर्फ होतो, बघा."

तेव्हापासून मी त्याच्या खोलीत दाराशेजारी टांगलेला. रोज सकाळी तो आधी माझा पारा बघायचा, मग नजर खाली वीसवर न्यायचा आणि तिथंच जरा थांबायचा. त्याची बायको कमलम्मा हसायची. "अवो, त्यो पारा काय पोराचा सांगावा आननार हाय व्हय?"

पहिल्या वर्षी चैत्रात माझा पारा शंभरावर गेला आणि पत्र आलं. तिप्पण्णा खुशाल होता.

दुसऱ्या वर्षी पारा एकशेसहावर गेला, तरी पत्र नाही. एका दुपारी पंतच घरी आले. हातात वर्तमानपत्र. कमलम्मानं घोंगडी टाकली, पण ते बसले नाहीत.

"दक्षिणेकडं देवमाशांच्या एका जहाजावर बॉयलर फुटलाय. तीन आगवाले गेले. हिंदी माणसं आहेत एवढंच छापलंय, नावं नाहीत."

"जहाज कंचं?" कमलम्मानं विचारलं.

पंतांनी नाव वाचलं. ते तिप्पण्णाचंच जहाज होतं.

कमलम्मा भिंत धरून खाली बसली. मडिवाळप्पानं मात्र भलतंच विचारलं. "फुटला कशानं, ते लिवलंय का?"

"नाही."

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला नाही. बर्फाच्या कारखान्यातून गोणपाटात एक लादी घेऊन आला, घमेल्यात फोडली. पंतांना विचारून आला असावा, कारण बर्फ आणखी गार व्हावा म्हणून त्यानं त्यात मूठ मूठ मीठ टाकलं. मग मला भिंतीवरून काढलं आणि त्यात रोवलं.

माझा पारा पडत सुटला. साठ, चाळीस, बत्तीस. सोलापुरात आल्यापासून पहिल्यांदा त्या खालच्या आकड्यांपाशी मी पोचलो. बाहेर सोलापूरचं ऊन पत्रे तडतडवत होतं आणि मी वीसवर येऊन थांबलो. मग मडिवाळप्पानं माझ्या शेजारी आपला हात खुपसला. तापलं लोखंड धरणारा हात तो. कमलम्मानं ओढून बाहेर काढला तेव्हा पांढराफटक पडला होता. बोटं मिटेनात.

"असल्या बोटांनी सेफ्टीवरचं लोखंड कसं काडायचं गं त्यानं?"

"कसलं लोखंड?"

तेव्हा तो बोलला. वाफ फार चढली की सेफ्टीची झडप उघडते आणि जास्तीची वाफ बाहेर टाकते. मग बॉयलर फुटत नाही, पण जोर कमी पडतो, माग मंदावतात, साहेब ओरडतो. म्हणून झडपेच्या दांड्याला लोखंडाचा एक तुकडा अडकवायचा, म्हणजे ती उघडतच नाही. वेळेवर काढला तर काही होत नाही.

"म्याच शिकिवलं त्याला. हुशारी म्हनून शिकिवलं."

कमलम्मानं घमेलं उचललं आणि दारात उपडं केलं. त्यानंतर महिनाभर त्या खोलीत कामापुरतंच बोलणं झालं. मी भिंतीवर परत एकशेआठ दाखवत होतो. पोस्टमन चाळीत शिरला की दोघंही दारात यायची आणि एकमेकांकडं न बघता आत जायची.

वैशाख सरताना पत्र आलं. अक्षर तिप्पण्णाचंच, पण वाकडंतिकडं. पंतांनी उभ्या उभ्याच वाचलं.

'अप्पा, अव्वा, मी जिता हाय. केपटाउनला दवाखान्यात हाय. डाव्या हाताची दोन बोटं थंडीनं गेली. बॉयलर फुटला तवा माझी पाळी नव्हती. पाळी दाऊदची व्हती. गुहागरचा दाऊद, माझा जोडीदार. साहेब वाफ वाडवा म्हनून ओरडत व्हता, तर त्यानं सेफ्टीला लोखंड अडकिवलं. अप्पा, त्याला ते मी दाखिवलं व्हतं.'

कमलम्मानं देवापुढं डोकं टेकलं आणि मोठ्यानं रडली. मडिवाळप्पा रडला नाही. उठला आणि गिरणीत गेला. पंतांनी नंतर सांगितलं, त्यानं आपल्या बॉयलरवरचं लोखंड काढून साहेबाच्या टेबलावर ठेवलं आणि वीस वर्षांचं सगळं कबूल केलं. साहेबानं त्याला बॉयलरवरून काढून कोळशाच्या आवारात घातलं.

पावसाळ्यात कोकणच्या बोटी बंद होतात, म्हणून तो त्याच आठवड्यात गुहागरला निघाला. जाताना मला धोतरात गुंडाळून घेतलं. का, ते कमलम्मानं विचारलं नाही.

दाऊदची आई ओटीवर जाळं विणत होती. तिला मुलगा गेल्याची तार आधीच पोचली होती. मडिवाळप्पा अंगणातच उभा राहिला आणि लोखंडाची सगळी हकिकत सांगितली. त्यानं आपल्या पोराचं नाव घेतलं, पण दोष आपला म्हणाला. "खोड माझी हाय, बाई. माज्याकडनं त्याच्याकडं, त्याच्याकडनं तुमच्या लेकराकडं."

तिनं हातातली जाळ्याची गाठ पुरी केली. मग म्हणाली, "तिथं थंडी किती होती?"

त्यानं मला धोतरातून सोडवून तिच्या हातात दिलं आणि वीसची रेघ दाखवली. तिनं रेघेवर अंगठा ठेवला. माझा पारा मात्र पंच्याऐंशीवर होता.

"तुमचा मुलगा आहे ना?"

"हाय."

"मग जा तुम्ही आता. हे राहू दे."

तो गेला. तिनं त्याला पाणी विचारलं नाही, शिव्याही दिल्या नाहीत.

आता मी या घरात खुंटीला असतो. खाऱ्या हवेनं माझ्या पाठीचं लाकूड फुगलंय. ती रोज येते आणि वीसवर अंगठा टेकते. त्या वेळी एकदा तरी खाली उतरून तिच्या बोटापाशी जावंसं वाटतं, पण इथल्या हवेत मला ते जमत नाही. तुमच्यापैकी कुणी कोकणात आलं तर या ओटीवर जरा बसा. थंडीचं तिला काही सांगू नका. दाऊद कसा होता, तेवढं विचारा. ते अजून कुणीच विचारलेलं नाही.