देवमनकाकांचा कान

"माहे बोटंच जाड हायेत, मॅडम. गिटार मले जमत नाही." तीस वर्षं एसटीत मेकॅनिक राहिलेले देवमनकाका आता रिसोडला माझ्याकडे शिकतात.

मी चिडले. "बोटांले काहून दोष देता? गिटार पाहा!"

पत्र्याखालच्या उकाड्यात त्यांच्या गिटारची मान वाकली होती, तारा वर आल्यानं दाबायला जड झाल्या होत्या. मान सरळ करणारा आतला रॉड मी पान्यानं अर्धा फेरा आवळला. तारा खाली आल्या, पण जाड तार खरखरू लागली.

काकांनी लाकडाला कान लावला, माझ्या हातातला पाना घेतला आणि रॉड किंचित सैल केला. सूर स्वच्छ वाजला.

"इंजिनासारखंच हाय, मॅडम. जास्त आवळलं तं कुरकुरते."

माझी गिटार दोन वर्षांपासून खरखरत होती. मी माझ्याच बोटांना शिव्या देत होते. मी ती गुपचूप त्यांच्यापुढे ठेवली.