कॅमेऱ्याचं कपाळ

सुकदेव मास्तरांचा उजवा हात थरथरायला लागला, तेव्हा शोभाबाईंना आधी राग आला आणि काळजी मागाहून वाटली. राग हाताचा नव्हता, मास्तरांचा होता. माणसानं बायकोपासून चहाची बशी लपवावी म्हणजे काय? बशी हिंदकळायची, चहा सांडायचा, म्हणून हे गृहस्थ खिडकीकडे तोंड करून पाठमोरे उभ्यानं चहा प्यायचे. शोभाबाईंना वाटायचं, काहीतरी बिनसलंय, रुसलेत. त्याही मग दोन दिवस रुसून बघायच्या. उपयोग शून्य.

मास्तर सुरतेतल्या मराठी शाळेत चित्रकला शिकवायचे. मूळचे धुळ्याकडचे, पण तिथल्याच नवागाम वस्तीत बिऱ्हाड करून इतकी वर्षं झाली होती की भाजीवाल्याशी भांडणसुद्धा गुजरातीत व्हायचं. दर हिवाळ्यात ते शाळेसाठी एक मोठा तक्ता काढायचे. थंडीतले किडे, गवताची फुलं, दवानं वाकलेली पानं. त्यांनी काढलेल्या नाकतोड्याच्या तंगडीवर बारीक काटेसुद्धा दिसायचे. मुलं मधल्या सुट्टीत डबे घेऊन त्या तक्त्यापुढे बसायची. शोभाबाईंना त्याचा केवढा अभिमान. मास्तरांच्या तोंडावर कधी एक शब्द बोलल्या नाहीत, पण शेजारणींचे कान किटेपर्यंत सांगून झालं होतं.

त्या साली डॉक्टरांनी सांगितलं की शिरांचा अशक्तपणा आहे, जिवाला धोका नाही, पण हात आता असाच राहणार. मास्तरांनी ब्रश डब्यात भरले, डबा माळ्यावर टाकला आणि बोलणंच सोडलं. जेवायला वाढलं की जेवायचे, शाळेत जायचे, यायचे, भिंतीकडे तोंड करून पडायचे. हात थरथरतो तर थरथरू दे बापडा, शोभाबाईंचं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. घरातला माणूस घरात असून हरवत चाललाय, ह्या भीतीनं मात्र त्यांची झोप उडाली होती.

गणपतीत त्यांचा धाकटा भाऊ भटू मुंबईहून आला, तो एक कॅमेरा घेऊन. मुठीत मावेल एवढासा. जाताना तो ठेवून गेला. दाजींनी वापरावा, म्हणाला, आपल्याला काही जमत नाही. दाजींनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी ज्याची त्याची हत्यारं पाटावर मांडून पुजायची. आजूबाजूच्या खानदेशी कारागिरांनी मागांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या. मास्तरांच्या घरी दरवर्षी ब्रश आणि रंगपेटी पुजली जायची. शोभाबाईंनी डबा माळ्यावरून काढायला सांगितला, तर मास्तर कुशीवर वळले आणि म्हणाले,

"हत्यारच मोडलंय. पूजा कसली करतेस?"

 पण पाट रिकामा ठेवणाऱ्या बायकांपैकी शोभाबाई नव्हेत. त्यांनी गुपचूप तो कॅमेरा पाटावर ठेवला, कपाळ बघून हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं, दुसऱ्या दिवशी पदरानं स्वच्छ पुसून डबीत बंद केला. मास्तरांना पत्ता नाही.

आणि दिवाळीनंतर शोभाबाईंनी मास्तरांची पाठच घेतली. भटू विचारील, निदान एक रोल तरी काढा. रोज सकाळी तेच, रोज संध्याकाळी तेच. शेवटी नुसत्या कटकटीला कंटाळून मास्तरांनी कॅमेरा हातात घेतला. घेतला तो घेतलाच की हो. त्याच्यावर अंतर जुळवायला फुटांचे आकडे होते आणि तीन फुटांच्या अलीकडचं त्याला काही नीट दिसत नव्हतं. मास्तरांना तर हवा होता वीतभर अंतरावरचा किडा. दोन दिवस ते गप्पच होते, पण हे गप्प राहणं वेगळं होतं, तक्ता काढण्याआधीचं, शोभाबाईंच्या ओळखीचं. तिसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या जुन्या चष्म्याची एक काच काढली आणि जखमेवर लावायच्या चिकटपट्टीनं कॅमेऱ्याच्या तोंडावर बसवली. मागचं झाकण उघडून तिथं ट्रेसिंग पेपर धरला. खिडकीतला तुळशीचा तुरा मागेपुढे करून बघितला. एका जागी तो कागदावर उलटा पण रेखीव उमटला. तेवढ्या अंतराची सुतळी कापून त्यांनी कॅमेऱ्याला बांधली. सुतळीचं टोक पानाला टेकलं की अंतर बरोबर. शोभाबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. ह्या माणसाच्या डोक्याला त्यांनी मनातल्या मनात हात जोडले आणि तोंडानं विचारलं, चहा घेणार का.

गावाबाहेर दिंडोलीच्या वाटेला तेव्हा सगळी शेतंच होती. थंडीत उजाडता उजाडता ज्वारीवर दव असं पडलेलं असायचं की पायवाटेनं जाताना लुगडं गुडघ्यापर्यंत भिजावं. मास्तर तेव्हाच निघायचे, कारण ऊन लागेपर्यंत किडे गारठून बसलेले असतात, हलत नाहीत. चतुर, म्हणजे तो लांब शेपटीचा उडता किडा, तर पंखांवर दवाचे मणी घेऊन तसाच निपचित. मास्तर गुडघ्यांवर बसायचे, सुतळी ताणायचे, श्वास धरायचे. एकदा शेतमालक भाईदास आला. मास्तरांना असं जमिनीला नाक लावलेलं बघून त्यानं विचारलं, "मास्तर, शुं खोवायुं?" आणि उत्तराची वाट न बघता स्वतःही खाली बसून हरवलेली वस्तू शोधायला लागला. भला माणूस.

पहिला रोल धुऊन आला आणि सगळं पाण्यात गेलं. एकही फोटो धड नाही. स्टुडिओवाला मगनभाई हळहळून म्हणाला की हात हललाय, मास्तर. मास्तरांना ते कळत होतंच. कडा रेखीव यायच्या तर कॅमेऱ्याचं उजेड आत घेणारं भोक बारीक करावं लागतं, मग सकाळच्या अपुऱ्या उजेडात काच जास्त वेळ उघडी राहते, आणि तेवढा वेळ हात दगडासारखा हवा. दगडासारखा हात आता कुठून आणायचा?

तो शोभाबाईंनी आणला. दळणाची ज्वारी पिशवीत भरली आणि त्या मास्तरांबरोबर शेतात गेल्या. पिशवी खाली टाकली, तिला बुक्की मारून खळगा केला आणि कॅमेरा त्यात बसवायला सांगितला. बसला की घट्ट! वारा आला की पान डुलायचं, तर शोभाबाई शाल पसरून आडव्या उभ्या राहायच्या. थंडीनं दातावर दात आपटायचे, पण शाल खाली नाही. येताना तीच पिशवी गिरणीत. ज्वारी ओलसर म्हणून गिरणीवाला रोज कुरकुरायचा आणि शोभाबाई रोज त्याला गप्प करायच्या. त्या दिवसांत मास्तर पुन्हा बोलायला लागले होते. मुंगीच्या मिशांवर जेवण होईपर्यंत बोलायचे. शोभाबाईंना मुंगीचं काय पडलं होतं? पण ऐकत बसावंसं वाटायचं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी दुसरा रोल आला. सगळे फोटो पुसट. जणू दुधातून बघावं तसे. मास्तरांनी ते एकदा चाळले, पाकिटात घातले आणि कॅमेऱ्याची डबी बंद केली.

"धान्याच्या पोत्यानंसुद्धा हा हात सावरत नाही. बस झालं आता."

झालं, पुन्हा भिंतीकडे तोंड. ह्या वेळी शोभाबाईंना राग आला नाही, रडू आलं. पहिल्यांदा माणूस हरवला तेव्हा त्यांनी त्याला ओढून आणला होता. दुसऱ्यांदा कशानं आणायचा, ते त्यांना सुचेना.

संक्रांतीला अख्खं सुरत गच्चीवर होतं. वर आरडाओरडा, पतंगांची नुसती झुंबड. मास्तर खोलीत पडून. शोभाबाईंनी तीळगूळ करून ठेवला आणि मनाशी म्हटलं, फोटो नाही तर नाही, निदान ती काच सोडवून जुना चष्मा तरी जोडून ठेवावा. खिडकीशी बसून त्यांनी चिकटपट्टी सोलली. चष्म्याची काच लख्ख होती, मास्तर ती रोज पुसायचे. तिच्यामागची कॅमेऱ्याची मूळ काच मात्र आज कितीतरी दिवसांनी उघडी पडली होती. तिच्यावर तिरपं ऊन आलं आणि शोभाबाईंचा हात जागच्या जागी थांबला.

काचेवर तेलकट बोट उमटलं होतं. सगळ्या रेषा दिसत होत्या, आणि कडेला नखाएवढी पिवळी हळद. खंडेनवमीची. कॅमेऱ्याचं कपाळ कुठलं, असा त्या दिवशी त्यांना प्रश्न पडला होता. समोर मधोमध गोल काच दिसली, तेच कपाळ समजून त्यांनी हळदकुंकू लावलं होतं. वर केसांच्या तेलानं माखलेल्या पदरानं ते पुसलं होतं.

त्या तशाच उठून आत गेल्या. इतक्या वर्षांत शाळेच्या माणसांसारखी मराठी बोलायची सवय लागली होती, पण त्या क्षणी तोंडातून आईची अहिराणीच आली.

"तो तुमना हात नही व्हता. मनं बोट व्हतं ते."

मास्तर उठून बसले. कॅमेरा घेतला, उन्हात तिरपा धरला.  मग पाकिटातले फोटो काढून भिंग लावून एकेक तपासू लागले. पहिल्या रोलमध्ये प्रत्येक पानाला दोन-दोन कडा होत्या, ते हाताचं काम, त्यांनी कबूल केलं. पण दुसऱ्या रोलमध्ये कड एकच होती. फक्त तिच्यावर धुकं होतं. हात हलला नव्हता. पिशवीनं त्याला सांभाळलं होतं, आणि तो इतके दिवस फुकट शिव्या खात होता.

शोभाबाईंना वाटलं आता ओरडतील. मास्तर हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला, पाणी आणून द्यावं लागलं. गच्चीवरच्या लोकांना वाटलं असेल, मास्तरांनी खालूनच कुणाचा पतंग कापला.

रात्री मास्तरांनी कॅमेऱ्याची काच लख्ख पुसून चष्म्याची काच पुन्हा तिच्यावर बसवली. दुसऱ्या दिवशी किंक्रांत. त्या दिवशी नवं काही करू नये म्हणतात. शोभाबाई जन्मभर पाळत आल्या होत्या, पण त्या सकाळी ज्वारीची पिशवी घेऊन त्याच आधी दारात उभ्या. शेतात जिकडे तिकडे कापलेल्या पतंगांचे दोरे अडकले होते. ज्वारीच्या दोन ताटांमध्ये ताणलेल्या अशाच एका दोऱ्यावर चतुर बसला होता, आणि दोराभर दव ओवलेलं होतं. मास्तरांनी पिशवी सारली, सुतळी लावली, भोक बारीक केलं. शोभाबाईंनी शाल पसरली. मास्तरांनी कळ दाबली, स्वतःच्या बोटानं.

मगनभाईनं तो फोटो स्वतः घरी आणून दिला. मोठा करून, न सांगता. चतुराच्या पंखांवरची जाळी अशी की शिरन् शीर मोजून घ्यावी. डोळ्यावरची लव दिसत होती. दोऱ्याचा पीळ दिसत होता, आणि पिळावरचा प्रत्येक थेंब वेगळा. मगनभाई म्हणाला, एवढ्याशा कॅमेऱ्यातून असा फोटो येतो हे त्याला कुणी सांगितलं असतं तर त्यानं हसण्यावारी नेलं असतं.  शोभाबाई ह्या वेळी थेट मास्तरांच्या तोंडावर बोलल्या. म्हणाल्या की तुमच्या कुठल्याच तक्त्यात इतका सुंदर जीव मी पाहिला नव्हता. मास्तर लाजले. पन्नाशी उलटलेला माणूस, कानापर्यंत लाजला. फोटो शाळेत लागला आणि मुलं डबे घेऊन पुन्हा तिथंच बसायला लागली.

पुढच्या खंडेनवमीला मास्तरांनी स्वतः पाट मांडला. माळ्यावरचा डबा काढून ब्रश ठेवले, कॅमेरा ठेवला. कॅमेऱ्याचं तोंड भिंतीकडे केलं आणि शोभाबाईंना बजावलं की कपाळ मागं आहे त्याचं. शोभाबाईंनी मागं हळदकुंकू लावलं, ब्रशांना लावलं. मग हळदीचं बोट तसंच धरून म्हणाल्या,

"हात पुढे करा. मोठं हत्यार राहिलंय."

मास्तरांनी उजवा हात पुढे केला. तो थरथरत होता, त्यामुळे कुंकू जरा वाकडं लागलं. शोभाबाईंनी ते पुसलं नाही.