कारण विचारायचं नाही

भावोजींनी आख्खी बोट भाड्याने घेतली, त्यात समुद्रावरचं प्रेम कमी आणि मेव्हण्यावरचं प्रेम जास्त होतं. हे प्रेम कोणत्या प्रकारचं असतं ते घरोघरी ठाऊक आहे.

मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. काही वर्षांपूर्वी भावोजींनी एका जुन्या खाणीतल्या तळ्यात स्कूबा डायव्हिंग शिकून परवान्याचं कार्ड मिळवलं होतं. तळ्याचं पाणी इतकं गढूळ, की भावोजींनी सगळा वेळ डोळे घट्ट मिटून काढला हे शिकवणाऱ्याच्याही लक्षात आलं नाही. कार्ड हाती पडताच त्यांनी मनाशी ठरवलं, की आता पाण्यात उतरायचं कारण उरलेलं नाही, आता नुसतं बोलायचं. आणि ते बोलले. लग्नांत बोलले, दवाखान्यात कुणाला भेटायला गेले तिथेही बोलले. "पाण्याखाली मी वेगळाच माणूस असतो," हे वाक्य सासरी इतकं झिजलं, की शेवटी मेव्हण्यानेही इरेला पेटून कार्ड काढलं. मग एकदा जेवताना तो म्हणाला, "भावोजी, तो वेगळा माणूस एकदा आम्हालाही दाखवा की. का तो फक्त जेवण झाल्यावरच येतो?"

बायको हसली. मेव्हण्याचं भावोजींनी सोडून दिलं असतं, पण बायको हसली. दुसऱ्या दिवशी बोट ठरली.

ठरल्या सकाळी भावोजी मोठ्या आशेने धक्क्यावर आले. समुद्र खवळलेला असेल, कप्तान आजारी असेल, निदान इंजिन तरी बिघडलेलं असेल. समुद्र इस्त्री केल्यासारखा होता. कप्तान गडी ठणठणीत, चहा पीत बसलेला. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं, जे भावोजींच्या गाडीने कधी केलं नव्हतं. बेटाच्या आडोशाला नांगर पडला तेव्हा त्याची दोरी थेट तळापर्यंत दिसत होती, आणि तळ बराच खाली होता. गढूळ पाण्यात एक सभ्यपणा असतो, हे भावोजींना तिथे पहिल्यांदा जाणवलं.

पाण्याखाली घेऊन जाणाऱ्या बाईंना सगळे मॅडम म्हणत होते. उन्हाने रापलेल्या, मोजकं बोलणाऱ्या. टाक्यांचे पट्टे स्वतः ओढून बघून झाल्यावर त्या म्हणाल्या, "तुम्ही दोघं एक जोडी. कार्डं आहेत, म्हणजे बाकी सगळं माहीत असणार. आमच्या बोटीवरचा एक नियम मात्र सांगते. कुणीही, केव्हाही अंगठा असा वर केला, की जोडीची डुबकी रद्द. दोघंही वर. आणि कारण विचारायचं नाही. वर आल्यावर नाही, घरी गेल्यावरही नाही."

"का?" मेव्हण्याने विचारलं.

"झालं, विचारलंत."

"मॅडम, हा नियम आमच्या घरी लावला तर जेवताना सगळे मुके बसतील," बायको म्हणाली. तिच्याकडे कार्ड नव्हतं. ती मास्क आणि श्वासाची नळी लावून वरच्या वर तरंगणार होती. "मला मासे वरून दिसले तरी चालतील. मला काही त्यांच्याशी बोलायचं नाहीये."

भावोजींनी नियम मनातल्या मनात तपासून पाहिला. परक्या लोकांत तो उत्तम होता. मेव्हणा मात्र कारण विचारणार नव्हता, तो ते सांगत फिरणार होता. प्रत्येक लग्नात, प्रत्येक दवाखान्यात. अंगठा वर करणं म्हणजे आपल्या हाताने आपलं नाक कापून मेव्हण्याच्या ताटात वाढणं. तेव्हा काहीही होवो, अंगठा आपला वर जाणार नाही, असं ठरवून भावोजींनी पाण्यात उडी घेतली.

नांगराची दोरी धरून तिघे खाली निघाले. तीनेक मीटरवर भावोजींनी डोळे उघडले आणि खाली पाहिलं. त्यांनी दोरीला मिठी मारली. मॅडमनी बोटांचं कडं करून 'ठीक ना?' अशी खूण केली. भावोजींनी तीच खूण उलट केली. मग त्यांनी मोठ्या मनाने मेव्हण्याला हात दाखवला, की आधी तू हो पुढे.

मेव्हण्यानेही त्यांना हात दाखवला, की छे, वडीलधाऱ्यांनी आधी.

सासरच्या दारात जेवढा मान कधी मिळाला नव्हता तेवढा मान भावोजींना त्या दोरीवर मिळाला. आधी तू, आधी तुम्ही, असं बराच वेळ चाललं. मग भावोजींचं लक्ष मेव्हण्याच्या दुसऱ्या हाताकडे गेलं. त्या हाताने दोरी अशी आवळली होती, की बोटं पांढरी पडली होती. काचेआड डोळे बशीएवढे झाले होते.

म्हणजे यालाही.

आता खरं तर दोघांपैकी कुणीही अंगठा वर केला असता तर दोघं सुटले असते. पण अंगठा ज्याचा, हार त्याची. भावोजी मेव्हण्याच्या अंगठ्याकडे बघत राहिले, मेव्हणा भावोजींच्या. मॅडम अधूनमधून विचारायच्या, ठीक? दोघंही झटकन सांगायचे, अगदी ठीक. एक छोटा पिवळा मासा येऊन दोघांकडे आळीपाळीने बघून गेला. वाळत घातलेल्या दोन विजारींसारखे ते दोघं दोरीवर लटकत राहिले, आणि शेवटी टाक्यांतली हवा उतरणीला लागली तेव्हा मॅडमनीच अंगठा वर केला.

बोटीवर कप्तानाने चहा दिला. बायको आधीच वर येऊन केस पुसत बसली होती.

"काय मग, कसं होतं?" तिने विचारलं.

भावोजींनी मेव्हण्याकडे पाहिलं. मेव्हण्याने भावोजींकडे. त्या एका नजरेत लग्नापासूनची सगळी धुसफूस मिटली.

"भावोजींना मानलं ताई," मेव्हणा म्हणाला. "तळाला एक कासव होतं, केवढं ते. मी जरा बिचकलो, पण हे आपले शांत."

"तूही काही कमी नव्हतास," भावोजी म्हणाले. "ती गुहा तुझ्यामुळेच सापडली."

"गुहा दोघांना मिळून सापडली."

कासव बघता बघता टेबलाएवढं झालं. मॅडम खाली मान घालून पट्टे धूत होत्या. बायकोने सगळं मन लावून ऐकलं आणि दोघांना आणखी चहा दिला.

"दुसरी डुबकी याच जागी," मॅडम म्हणाल्या. "या वेळी थेट तळापर्यंत. कासव असेल तर मलाही बघायचंय."

मेव्हण्याने कपाकडे पाहिलं. कप रिकामा होता, तरी तो पीत राहिला. भावोजींना वाटलं, आता पुन्हा ती दोरी, पुन्हा तो पिवळा मासा. त्यांनी कप खाली ठेवला आणि सगळ्यांदेखत अंगठा वर केला.

मेव्हण्याचा जीव भांड्यात पडल्याचं स्पष्ट दिसलं. पण सवयीपुढे माणसाचं काही चालत नाही. त्याचं तोंड उघडलं. "भावोजी, का हो?"

"विचारायचं नाही," बायको म्हणाली. "नियम आहे." मग ती मॅडमकडे वळली. "मॅडम, कार्ड नसलेल्या माणसाला थोडं खाली नेता का हो तुम्ही?"

"आधी इथेच थोडं शिकवीन, मग नेईन. दोरी धरून, तीनेक मीटर."

"चालेल," बायको उठून जाकीट चढवू लागली. "पाणी इतकं स्वच्छ आहे ना, दोरी कशी धरायची ते मी सकाळीच वरून नीट बघून ठेवलंय."