फुलांच्या जागी अक्षता

दीनानाथांनी गुडघ्यावर हात टेकून एकविसावं फूल खुडलं आणि ताटात टाकलं. एवढी देवांना पुरली असती. पण हार अपुरा पडायला नको, म्हणून त्यांनी आणखी चाळीसेक खुडली. पिवळी डॅन्डेलायनची, मध्येमध्ये डेझीची पांढरी. बर्मवर आता एकही फूल उरलं नव्हतं, तेव्हा कुठे ते समाधानानं उठले.

बर्म म्हणजे फूटपाथ आणि रस्ता यांच्यामधली गवताची पट्टी. पट्टी कौन्सिलची, कापायची मात्र ज्याच्या घरासमोर असेल त्यानं. फ्लॅट बुश या परदेशी उपनगरातली घरं एवढी टापटीप की गेल्या दोन वर्षांत देवाला वाहायला दारात एक फूल मिळालं नव्हतं. देवांची सोय सुपरमार्केटच्या फुलांवर झाली, आणि वासंतीबाईंच्या फोटोला चक्क प्लास्टिकचा हार आला. ज्या बाईनं हयातीत शिळं फूल घरात ठेवू दिलं नाही, तिला प्लास्टिक! दीनानाथांना त्या हाराकडे बघवत नसे.

इथे सप्टेंबरात येणाऱ्या वसंतात या वर्षी मात्र कौन्सिलनं पत्रक काढलं. मधमाश्यांसाठी ऑक्टोबर संपेपर्यंत बर्मवरचं गवत कापू नका, कितीही वाढलं तरी तक्रार घेतली जाणार नाही. गणिताचे निवृत्त मास्तर असल्यामुळे दीनानाथांनी ते पत्रक तीनदा वाचलं आणि ‘गवत कापू नका’च्या खाली लाल रेघ मारली. त्यानंतर त्यांनी गवताची एक काडीही मोडली नाही.

लेक सलोनी फार्मसीत आणि नात श्रुती शाळेत गेली, ऊन पडून फुलं उमलली, की साडेनऊला ते जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून ताट घेऊन निघत. बार्शीला लोकांच्या कुंपणावरची फुलं काठीनं ओढणाऱ्या मंडळींना त्यांनी जन्मभर नावं ठेवली होती. इथे ना काठी लागत होती, ना चोरी होत होती. ताजा हार घातला की चार वर्षांपूर्वी गेलेल्या वासंतीबाई आता काहीतरी बोलतील असं वाटे. दुपारपर्यंत खुडलेली फुलं मिटून जात, आणि श्रुती घरी यायच्या आत निर्माल्य कंपोस्टच्या डब्यात गेलेलं असे.

त्या गुरुवारी साडेतीन वाजता श्रुती युनिफॉर्मवरच बर्मच्या कडेला बसली. हातात शाळेनं दिलेला तक्ता, शेजारी दहा मिनिटांचा गजर लावलेला आजोबांचा फोन. दहा मिनिटांत किती मधमाश्या येतात, ते रोज मोजायचं होतं. फोन वाजला.

“झिरो,” ती म्हणाली. “अगेन, आजोबा. फोर्थ डे.”

शेजारचा ब्रूस पत्रपेटीपाशी उभा होता. सत्तरीचा, गवत कापण्याची भारी हौस. गेली सहा वर्षं तो दोन्ही घरांसमोरची पट्टी एकाच फेरीत कापून टाकायचा, न सांगता. या वेळी श्रुतीनं त्याला हात जोडून थांबवलं होतं. स्वतःची पट्टी त्यानं गालिच्यासारखी कापली होती, यांच्या वाढलेल्या गवताकडे बघून रोज त्याचे हात शिवशिवत होते.

“किया ओरा, दिना,” त्यानं इथला नमस्कार केला. मग श्रुतीकडे वळला. “शनिवारपर्यंत थांबतो, लव्ह. माश्या आल्या तर माझी पट्टीसुद्धा वाढू देईन. नाही आल्या तर मी मशीन बाहेर काढणार. ठीक?”

श्रुतीनं मान हलवली. तो आत गेल्यावर तिचे डोळे भरून आले. पेन्सिल रकान्यावर घुटमळली.

“आय कुड राइट थ्री,” ती हळूच म्हणाली. “नोबडी विल नो.”

“शून्य लिही,” दीनानाथ म्हणाले. “खोट्या तिनापेक्षा खरं शून्य बरं. जे दिसलं नाही, ते कागदावर येता कामा नये.”

“बट व्हाय झिरो?” श्रुतीनं नाक पुसलं. “ग्रास इज सो लाँग. पण फुलंच नाहीयेत! बीज नीड फ्लॉवर्स, आजोबा. नॉट ग्रास.”

दीनानाथांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. बोटांना सकाळच्या फुलांच्या चिकाचे तपकिरी डाग होते.

शुक्रवारी साडेनऊला ते नेहमीसारखे ताट घेऊन बाहेर आले. पट्टी पिवळीधमक झाली होती. ते वाकले, एका फुलाला बोट लावलं, आणि रिकामं ताट घेऊन परत फिरले.

देवांचं काही अडलं नाही. पूजेत जे नसेल त्याच्या जागी अक्षता वाहायची सोय जुन्या लोकांनी करूनच ठेवली आहे. “पुष्पार्थे अक्षतान् समर्पयामि,” म्हणत त्यांनी एकवीस वेळा तांदूळ वाहिले. अडलं ते फोटोपाशी. प्लास्टिकचा हार त्यांनी खणातून काढला, हातात धरला, आणि परत खणात कोंबला.

“आज फुलं नाहीत,” ते फोटोला म्हणाले. “श्रुतीला हवी आहेत.”

मग त्यांनी फोटो भिंतीवरून उतरवला आणि पुढच्या खिडकीत, तोंड रस्त्याकडे करून ठेवला.

दुपारी श्रुती बसली, फोनवर गजर लावला, आणि तिसऱ्याच मिनिटाला तिचा आवाज चढला.

“फोर! नो, फाइव्ह! आजोबा, बंबलबी!”

गजर वाजला तेव्हा आकडा अकरावर होता. ब्रूस धावत आला, गुडघे करकरवत वाकला, स्वतः मोजू लागला. “हीप्स! ढिगानं आहेत,” तो पुटपुटला. “बरं बाई, जिंकलीस तू. माझी पट्टी वाढू दे.”

तो गेल्यावर दीनानाथ श्रुतीशेजारी गवताच्या कडेला टेकले.

“कालपर्यंत फुलं मी तोडत होतो. देवाला, आणि आजीच्या हाराला.”

श्रुतीनं आ वासला. “यू पिक्ड माय डेटा?”

“हो. लिही तसं. चार शून्यांसमोर शेरा लिही. कारण, आजोबा.”

तिनं खरंच लिहिलं, आणि लिहिता लिहिता तिला हसू फुटलं. ते इतकं वाढलं की दीनानाथांनाही आवरेना. मग ती एकदम थांबली.

“सो… आजीला आता हार नाही?”

दीनानाथांनी खिडकीकडे बोट केलं. काचेमागून वासंतीबाई फुलांकडे बघत होत्या. श्रुतीनंही बराच वेळ तिकडे पाहिलं.

तक्त्याच्या तळाशी निरीक्षकांच्या नावांसाठी तीन ओळी होत्या. पहिलीवर श्रुती होती. दुसरीवर तिनं आजोबा लिहिलं. तिसरीवर पेन्सिल टेकवून, रविवारच्या मराठी वर्गात शिकलेल्या अक्षरांत, सावकाश लिहिलं, ‘आजी’.

चौतीस वर्षं वह्या तपासलेला हात सवयीनं पुढे आला. दीनानाथांनी तक्ता हातात घेतला, चष्मा वर केला, पुन्हा खाली केला.

“नुसतं आजी नको,” ते म्हणाले. “पूर्ण नाव लिही.”