खोट्या नवसाचं पाचवं घर

२०१९ साल होतं. दिवाळीच्या तोंडावर पाऊस परत फिरला आणि आमच्या फुलसावंगीच्या शिवारात सोयाबीनच्या गंज्या जागच्या जागी काळ्या पडल्या. ते साल गावाच्या लक्षात आहे ते त्या पावसासाठी. माझ्या लक्षात आहे, कारण त्या साली मी देवीच्या नावानं खोटं बोलले.

दिवाळीनंतर आठच दिवसांनी माझा नातू नयन बायकोला घेऊन गावी आला. यवतमाळजवळ लोहाऱ्याला एका कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली तो काम करायचा. ठेकेदारानं माणसं कमी केली, त्यात नयन गेला. मग खोलीही सोडावी लागली. आला तेव्हा हातात एक सुटकेस आणि गॅसची शेगडी. मागून दिपाली, सहा महिन्यांचं पोट घेऊन, दाराच्या चौकटीला धरून उभी.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही आपली रीत. पण दिपालीला माहेर उरलं नव्हतं. तिच्या वडिलांनी, घनश्यामनं, तिचं लग्न दुसरीकडे ठरवलं होतं. पत्रिकाही छापून झाल्या होत्या. त्या नातेवाइकांत वाटत असतानाच ही नयनचा हात धरून निघून आली. दारव्ह्याला त्यांची पिठाची चक्की. त्या दिवसापासून घरात तिचं नाव घ्यायचं नाही, असं त्यानं सांगून टाकलं होतं. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं, त्यानं मला नाही.

नयनला मीच वाढवलं. त्याची आई तापात गेली, आणि बाप, म्हणजे माझा मुलगा, ट्रॅक्टर उलटून गेला. तेव्हा त्या बाळंतपणाला आजेसासू मीच, सासू मीच, आई मीच. अंगणवाडीत तीस वर्षं मदतनीस होते. गावातल्या किती सुनांना मी सांगितलं असेल, गूळ-शेंगदाणे खा, रक्ताच्या गोळ्या चुकवू नको, लेकरासाठी मऊ सुती कापड धुऊन ठेव. आता माझ्याच घरात डबे हलवले की वाजत होते.

एक दिवस कापडासाठी पेटी उघडली. लंगोट फाडायला सुती कापड हवं. माझ्या साड्या सगळ्या चमकणाऱ्या, पाणी न पिणाऱ्या. नयनचे सदरे टेरीकॉटचे. बाहेर शेताशेतात बोंडं फुटलेली, आणि घरात सुताची एक चिंधी नाही. मी पेटीचं झाकण लावलं आणि त्याच्यावरच बसून राहिले. लेकराला निजवायला बाज नव्हती. बाळंतिणीच्या शेकाला गोवऱ्या नव्हत्या. तूप नव्हतं. नयन रोज मजुरी शोधायला जायचा आणि दोन दिवसांआड रिकामा परत यायचा. दिपाली पोट भरलं म्हणून ताट सरकवायची. तिचे पाय सुजत चालले होते आणि नखं कापसासारखी पांढरी.

निदान बाज तरी उसनी मागावी म्हणून मी तांड्यावर रुपीबाईकडे गेले. तिची माझी जुनी ओळख. पण आजवर मी कोणाच्या दारात रिकामी वाटी घेऊन गेले नव्हते. रुपीबाई अंगणात तूर पाखडत होती.

"काहून आली व मैना? उभी काहून? बस ना."

"मले..." म्हटलं आणि पुढे तोंड उघडेना.

"मले काय? बोलशील का मुकी झाली?"

तेव्हा मला एकदम सासू आठवली. १९७१ साल. माझं पहिलं लेकरू तीन दिवसांत गेलं होतं. दुसऱ्याच्या वेळी सासूनं माहूरच्या रेणुकेला नवस बोलला, की हे जगलं तर पाच घरची भीक मागून त्याला नेसवीन. मागितली तिनं. पदर पसरून, मान खाली घालून. त्या मागितलेल्या कापडात माझा मुलगा वाढला. कागदावर त्याचं नाव काहीही असो, गावासाठी तो भिकाच. तोच नयनचा बाप.

"मले भीक पाह्यजे," मी रुपीबाईला म्हणाले. "नवस हाय. माहूरच्या मायचा. नयनच्या पह्यल्या लेकराले पाच घरची भीक लावीन म्हटलं होतं."

असं काही मी म्हटलं नव्हतं. कधीच नाही.

रुपीबाईनं सूप खाली ठेवलं. "मंग तं तुले नाही म्हणताच येत नाही. तीस वर्षं अंगणवाडीत होती, माह्या पोट्ट्यायले एक मूठ खिचडी जादा घातली नाही कधी. अन् आता माह्या दारात पदर पसरून राह्यली!" ती पोट धरून हसली. मग घरातली चांगली बाज स्वतःच्या डोक्यावर घेऊन माझ्या पुढे चालू लागली. वाटेत भेटेल त्याला सांगत गेली, मैनाबाईचा नवस हाय, पाच घरचा हाय. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. आता मागे फिरायला जागा नव्हती.

दुसरं घर सदाशिवरावांचं. गावात धोतर नेसणारे तेवढे एकच उरले होते. शंभरदा धुऊन सायीसारखी झालेली दोन धोतरं त्यांनी माझ्या पदरात टाकली.

"मी जिता हाओ न व मैनाबाई?" ते म्हणाले. "जित्या माणसाचे धोतरं वाटून राह्यली तू." मग जरा थांबून म्हणाले, "ऐंशी वर्षाच्या माणसाच्या अंगचं हाय. लेकराले लागू पडो."

तिसऱ्या घरी तूप आणि डिंक मिळाला, चौथ्या घरी गोवऱ्यांचं पोतं. नयन चिडला.

"आजी, तू भीक मागून राह्यली? लोक काय म्हणतीन मले?"

"लोक म्हणतीन नवस हाय."

"कवा बोलली तू नवस?"

मी चुलीकडे वळले. दिपाली धोतराच्या घड्या घालत होती. तिनं विचारलं, "आजी, खरंच बोलल्या होत्या?" तिच्या डोळ्यांत इतका आधार होता, की मी हो म्हटलं. पहिलं खोटं रुपीबाईशी, देवीचं नाव घेऊन. दुसरं या पोरीच्या तोंडावर.

त्याला आठ दिवस झाले नसतील. नवव्या महिन्याची तपासणी होती. डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला, पुन्हा पाहिला आणि नयनला बाहेर बोलावलं. रक्त फारच कमी होतं, सहाच्याही खाली. अशा अंगानं बाळंतपण झालं तर आई वाचेल की नाही ते सांगता येत नाही, त्या म्हणाल्या. आजच यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात न्या, आधी रक्त चढवावं लागेल. हिचा गट बी निगेटिव्ह, सहसा सापडत नाही. त्या गटाचं माणूस सोबत घेऊनच जा.

बाज होती, धोतरं होती, तूप होतं. माणूस कुठून आणायचं?

नयननं फोनवर गावोगाव निरोप टाकले. कोणी म्हणालं बघतो, कोणी फोनच उचलला नाही. दिपाली भिंतीला टेकून बसली होती. खालच्या आवाजात म्हणाली, "बाबांचा तोच गट हाय. हर्नियाच्या ऑपरेशनच्या वेळी कळलं होतं." एवढंच. नयननं घनश्यामला फोन लावला. आवाज ओळखून त्यानं कापला. दुसऱ्याच्या फोनवरून लावला, तोही कापला.

मी देवघरासमोर गेले आणि हात जोडता येईनात. हे माझ्या तोंडातून निघालं होतं, आणि फेडत होती ती पोरगी. पाच म्हटलं होतं मी. चारच घरं झाली होती.

रुग्णवाहिका नयन-दिपालीला घेऊन यवतमाळला गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे मी पहिली गाडी धरली. पुसद, दिग्रस, दारव्हा. रस्ताभर एकच विचार, मी पोचेपर्यंत तिला कळा सुटल्या तर? दारव्ह्याला उतरले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. चक्की विचारत गेले.

घनश्याम एकटाच होता. केस, भुवया, सगळं पिठानं पांढरं. खांद्यावर सुती दुपट्टा. मी पायरीखाली उभी राहून पदर पसरला.

"बाबा, नवसाची भीक मागून राह्यली. नातसुनेचं पह्यलं लेकरू हाय. हे पाचवं घर."

त्यानं चक्की बंद केली. माझ्याकडे नीट पाहिलं. "कोठून आल्या माय?"

"लांबून."

"पीठ देऊ का?"

"अंगावरचं कापड पाह्यजे. सुती."

त्यानं क्षणभरही विचार केला नाही. खांद्यावरचा दुपट्टा काढला, झटकला आणि दोन्ही हातांनी माझ्या पदरात ठेवला. "लेकरू सुखरूप येवो," तो म्हणाला. "मायही."

तिथंच वळून गेले असते तर नवस पुरा झाला असता. पण मला कापड नको होतं.

"त्या मायचं नाव दिपाली हाय," मी म्हणाले. "तुमची दिपाली. मी नयनची आजी."

त्याचा चेहरा पिठाच्या आत बंद झाला. त्यानं हात पुढे केला. "दे तो दुपट्टा."

आतल्या दारातून आवाज आला, "पदरात पडलेलं परत मागता?" दिपालीची आई पडद्याआड उभी होती. ती किती वेळ ऐकत होती कोण जाणे.

"तू अंदर जाय," तो म्हणाला.

"दुपट्टा घ्या परत," मी म्हणाले. "मले कापड नाही पाह्यजे. रक्त पाह्यजे. पोरीच्या अंगात रक्त नाही राह्यलं. यवतमाळले पडून हाय. तुमचा गट..."

त्यानं चक्की सुरू केली.

त्या आवाजात माझं मलाच ऐकू येईना. तो माझ्याकडे पाठ करून उभा राहिला, एक हात यंत्रावर. मी पायरी चढून वर गेले. अंगणवाडीत कधी मूल हरवलं तरी मी अशी ओरडले नव्हते. "मरून जाईन ती! ऐकून राह्यले का? मरून जाईन!" तो वळला नाही. तेव्हा मला दिसलं, वरच्या पेटीत धान्यच नव्हतं. चक्की रिकामी फिरत होती. दगडावर दगड घासून जळका वास सुटला होता. कुठला चक्कीवाला असं करतो? पण त्याचा हात बटणाकडे जात नव्हता.

ओरडून ओरडून माझा आवाज बसला. मी पायरीवर बसले, दुपट्टा मांडीवर. संपलं, असं वाटलं. परतीची गाडी कुठून मिळते तेही विचारायचं सुचेना.

खांद्यावर हात पडला. दिपालीची धाकटी बहीण अर्पिता. तिनं मला गल्लीच्या तोंडाशी ओढत नेलं, तिथं चक्कीचा आवाज कमी होता.

"कोणता गट म्हणून राह्यल्या तुमी?"

"बी निगेटिव्ह."

"मंग मले कायले विचारलं नाही कोणी?" ती जवळजवळ भांडायलाच लागली. "मागच्या साली आमच्या कॉलेजात शिबीर झालतं. कार्ड हाय माह्याजवळ. तोच गट." दिपाली घर सोडून गेल्यानंतरची गोष्ट ती. तिला कुठून ठाऊक असणार?

ती चक्कीत परत गेली. बापाच्या समोरून आत, मग कार्ड घेऊन त्याच्याच समोरून बाहेर. त्यानं अडवलं नाही. पाहिलंही नाही. तिच्या आईनं वाकून तिच्या पायांपुढे चपला सरकवल्या.

यवतमाळच्या गाडीत मी अर्पिताला दोन केळी खायला लावली. सवयच ती. ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "आजी, नवस खराच हाय का?"

मी पहिल्यांदा कोणाला तरी खरं सांगितलं. "नाही व पोरी."

"मंग बाबाले फसवलं तुमी."

"हो."

"बरं केलं," ती म्हणाली आणि रडायला लागली.

संध्याकाळी तिचं रक्त घेतलं. तपासून ते चढवेपर्यंत दिपालीला कळा सुरू झाल्या होत्या. दुसरी पिशवी दवाखान्यानं दुसऱ्या गावाहून मागवली. ती येईपर्यंत काय झालं ते मी लिहीत नाही. नयननं भिंतीवर डोकं आपटून घेतलं होतं, एवढंच. मुलगी झाली, जेमतेम दोन किलोची. नर्सनं कापड मागितलं तेव्हा धोतरांचं बोचकं गाडीच्या गडबडीत घरीच राहिलं होतं. माझ्याजवळ तेवढा दुपट्टा होता. पीठ झटकलं तरी वास होताच. त्यातच तिला गुंडाळलं.

आता सहा वर्षं होत आली. सदाशिवराव कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. त्यांच्या धोतरांचे लंगोट तोवर फाटूनही गेले होते. रुपीबाईनं बाज परत नेली नाही. मुलीचं शाळेतलं नाव स्वरा, पण तांड्यावरून येता-जाता रुपीबाई तिला "भिके" म्हणूनच हाक मारते, आणि ती ओ देते. नयन महागावला ट्रॅक्टर दुरुस्त करतो. दिपाली गावच्या अंगणवाडीत माझ्याच जागी मदतनीस लागली. डॉक्टरांनी दुसरं मूल नको म्हणून सांगितलं आहे. थंडीत तिचे ओठ अजून पांढरे पडतात. अर्पिता नर्सिंग शिकून नागपूरला नोकरी करते. तिच्या आईला दर सणाला दिपालीचा फोन येतो, चक्की चालू असली की.

मी माहूरला जाऊन गड चढले आणि देवीला सगळं सांगितलं. गावाला सांगितलं नाही. गुडघे गेले, आता पुन्हा चढणं व्हायचं नाही.

घनश्याम आमच्या घरी आला नाही, दवाखान्यातही आला नव्हता. त्या दिवशी दगड इतके खराब झाले की चक्की पंधरा दिवस बंद होती, असं अर्पितानं सांगितलं. गेल्या वर्षी तिच्याच हाती निरोप पाठवून त्यानं विचारलं, तो दुपट्टा अजून हाय का त्यायच्याजवळ? मी सांगून पाठवलं, नाही, त्याचे लंगोट केले, धुऊन धुऊन विरले, मग फेकले.

"बरं झालं," एवढंच म्हणाला म्हणे.