हातगुण

इमारतीत सगळे त्यांना सिस्टर म्हणत. इस्पितळातली नोकरी सुटून कैक वर्षं झाली, पण नाव काही सुटलं नाही, आणि सवयही. जिन्यात कोणी नुसतं शिंकलं तरी आतून आवाज यायचा, "हात धुवा आधी!" घरी पाहुणा आला की बसा म्हणायच्या आत त्याला साबण दाखवला जाई. "आमच्याकडे साखरेपेक्षा साबण जास्त संपतो," असं त्यांची सून सगळ्यांना हसत सांगायची.

तर अशा या सिस्टरबाई चोरून तपकीर ओढायच्या!

रात्रपाळीला डोळा लागू नये म्हणून कुण्या जुन्या मेट्रनने एकदा चिमूटभर दिली होती, ती नाकाला चिकटली ती चिकटलीच. पुढे नाकातून रक्त यायला लागलं. डॉक्टरांनी दम भरला, मुलगा रडवेला झाला, तेव्हा सिस्टरांनी मुलासुनेच्या देखत डबी केराच्या टोपलीत टाकली आणि वर ऐटीत म्हणाल्या, "सोडली म्हणजे सोडली. माझा शब्द आहे." कसला शब्द आणि कसलं काय! मुलगा बोटीवर नोकरीला परत गेला आणि आठवड्याच्या आत नवी डबी आली. ती चष्म्याच्या घरात राहायची आणि चष्मा बिचारा उघडा टेबलावर पडलेला असायचा. "आई, काचेला चरे पडतील," असं सून म्हणे. "पडू देत," असं सिस्टर म्हणत.

सून लोकांना गाडी चालवायला शिकवायची. दिवसभर दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग आणि आपला पाय ब्रेकवर, त्यामुळे स्वभाव थंड झालेला. तिचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. दुकानामागच्या हातभर जागेत ते दर वर्षी टोमॅटो लावत. साधासुधा नव्हे, चुण्या पडलेला, वेडावाकडा, बघितला तर कोणी फुकट घेणार नाही असा. पण चव अशी की खाणारा गप्प व्हायचा. बी त्यांचं त्यांनी धरलेलं, बाजारात मिळत नसे. ते गेले तेव्हा दुकान आवरताना घड्याळाच्या एका रिकाम्या डबीत चिमूटभर बी सापडलं. भावाने ते बहिणीच्या हातात दिलं. "तू लाव. माझ्याच्याने जगणार नाही."

बी जुनं, उगवेल न उगवेल म्हणून तिने सगळंच पेरलं. मोजकीच रोपं आली. ती गच्चीवर कुंड्यांत लावली. भाऊ येऊन काठ्या रोवून, सुतळीने सैल बांधून गेला. एक कुंडी खाली मावेना, ती त्याने लोखंडी शिडीवरून जिन्याच्या खोलीच्या माथ्यावर चढवली आणि तिलाही काठी बांधली.

झाडांतलं दोघींनाही काही कळत नव्हतं. शिकत शिकत चाललं होतं. पहिल्याच महिन्यात खालच्या पानांवर काळपट गोल ठिपके पडले, पानं पिवळी पडून झडायला लागली. सून घाबरली. रोपवाटिकेतल्या बाईंनी सांगितलं, करपा आहे. रोगट पानं काढा, पाणी पानांवर न घालता बुडाशी घाला, मातीवर वाळलेला पाला पसरा म्हणजे चिखल उडणार नाही. सिस्टरांनी पदभार घेतला. रोगट पान न् पान काढून पिशवीत बांधून केरात टाकलं, कात्री उकळून घेतली, आणि करपा खरंच थांबला. सून इमारतभर सांगत सुटली, "आमच्या आईंना हातगुण आहे!" आयुष्यभर डॉक्टरांना मिळालेला शब्द म्हातारपणी आपल्या वाट्याला आला म्हणून सिस्टर अशा काही फुलल्या की विचारू नका.

तेव्हापासून सकाळचा राउंड सुरू झाला. सून कामाला गेली की सिस्टर गच्चीवर जायच्या. आधी टाकीच्या आडोशाला उभं राहून चष्म्याचं घर उघडायचं, अंगठा आणि पहिलं बोट डबीत घालून झकास एक चिमूट ओढायची, डोळ्यांत पाणी आलं की पुसायचं. मग पहिल्या कुंडीपासून शेवटच्यापर्यंत जायचं. टोमॅटोच्या पानाच्या बगलेत कोवळी फूट येते, ती वाढू दिली तर झाडाचा नुसता पाला होतो. ती वेळेवर खुडायची. नखाने, त्याच दोन बोटांनी. राउंड संपला की खाली येऊन कोपरापर्यंत साबण लावून हात धुवायचे. नंतर हं, आधी नाही. प्रत्येक पेशंटला हात लावायच्या आधी हात धुतलेली बाई ती, पण मातीत हात घालायला कोण आधी धुतं? ते कधी डोक्यात आलं नाही. वरची कुंडी तेवढी राहायची. गुडघ्यांमुळे शिडी चढवत नव्हती. तिच्यात सुनेने नुसतं पाणी घालायचं.

आणि मग पानं बिघडली. हिरव्यात फिक्कट हिरवे डाग, जुना रंग उडालेल्या कापडासारखे. नवीन पानं रुंद व्हायचं सोडून दोऱ्यासारखी बारीक, पिळलेली येऊ लागली. पहिल्या कुंडीत दिसलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. सिस्टरांना राग आला. आपल्या हाताखालचा पेशंट बिघडतो म्हणजे काय! आणि राग आला की माणूस जवळचं कोणीतरी धरतं. तळमजल्यावरच्या दोघी गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या, त्यांच्यासमोर सिस्टर सुनेला म्हणाल्या, "पाणी ओतून ओतून मारलीस झाडं. गाडी शिकवणं वेगळं आणि जीव वाढवणं वेगळं. वडिलांची एवढी एक वस्तू, ती धड सांभाळता येईना?"

त्या दोघींनी कपड्यांआड तोंडं लपवली. सुनेने पाण्याचा झारा खाली ठेवला आणि जिना उतरून गेली. दुसऱ्या दिवशी तिने एक पान पिशवीत घालून रोपवाटिकेत नेलं.

संध्याकाळी आली ती चप्पल न काढताच स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. सिस्टर भाजी निवडत होत्या.

"आई, पाण्याने नाही झालं ते. विषाणू आहे. औषधच नाही त्याला. बाई म्हणाल्या, उपटून टाका. हाताने पसरतो. एका झाडाला हात लावला की दुसऱ्याला."

"हाताने?" सिस्टरांनी वर पाहिलं.

"तंबाखूतून येतो म्हणे. बिडी, सिगारेट, तपकीर, काहीही. ज्याच्या बोटांना तंबाखू लागलेली असेल त्याने झाडाला हात लावला की झालं. त्यांनी विचारलं, घरात कोणी घेतं का? मी म्हटलं, छे! आमच्या घरात कोणी शिवतसुद्धा नाही. सासूबाई घ्यायच्या पूर्वी, पण त्यांनी शब्द दिला आणि त्या दिवसापासून सोडली."

सिस्टरांच्या हातातली शेंग तिथेच राहिली. चष्म्याचं घर मांडीशेजारीच होतं. त्यांनी त्यावर पदर ओढला. आता बोलावं, आत्ताच बोलावं, असं मनात आलं, आणि त्यांनी पुढची शेंग उचलली. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते सिस्टरांना त्या दिवशी कळलं.

"मग कोण?" सून स्वतःशीच बोलली, आणि तिचा चेहरा बदलला. "दादा! काठ्या बांधताना तोंडात सिगारेट होती त्याच्या. मी बघितली होती."

सिस्टर समोर बसलेल्या असताना तिने भावाला फोन लावला. एरवी शिकाऊ माणसाने गाडी भिंतीवर घातली तरी आवाज न चढवणारी बाई, पण त्या दिवशी तिचा बांध फुटला. "बाबांचं बी होतं रे ते! बाबांना त्या धुराने किती त्रास झाला, तरी तू सुधारला नाहीस. आणि आता हेही घालवलंस." पलीकडून भाऊ म्हणाला ते फोनबाहेर स्पष्ट ऐकू आलं. "चुकलं माझं. मला माहीत नव्हतं गं. मी हात धुवायला हवे होते."

हात धुवायला हवे होते! सिस्टर उठल्या आणि मोरीत जाऊन नळ सोडून नुसत्या उभ्या राहिल्या. पाणी वाहत होतं, त्या दोन बोटांकडे बघत होत्या. अंगठ्याच्या नखाखाली तपकिरी रेघ होती. वर्षानुवर्षांची, इतकी अंगची झालेली की दिसेनाशी झाली होती. दुसऱ्याचा पोरगा आपलं पाप अंगावर घेतो आणि आपण आत लपतो. शी! एवढी लाज त्यांना कधी वाटली नव्हती, आणि तरीही बाहेर येऊन त्यांनी विचारलं काय, तर "भात लावू का?"

रविवारी झाडं उपटली. सून एकेक झाड मुळासकट काढून पोत्यात कोंबत होती. काहींना हिरवी फळं धरलेली होती, ती कापून पाहिली तर आतून करडी. सिस्टर खुर्चीवर बसून होत्या. मदतीला उठायची छाती झाली नाही. शेवटी रिकाम्या कुंड्यांची रांग राहिली, तेव्हा सून शिडी चढली आणि माथ्यावरची कुंडी कडेवर घेऊन खाली उतरली. झाड हिरवंगार होतं. पानं रुंद, तजेलदार, आणि फुलांचा घोस.

सुनेने ती कुंडी सिस्टरांच्या पुढ्यात ठेवली.

"आई, एवढं एकच राहिलंय. बगलफुटी नुसत्या माजल्यात, मी कधी खुडल्याच नाहीत. हे आता तुम्ही बघा. माझा काही हातगुण नाही, तुमचा आहे."

सिस्टरांनी दोन्ही हात पदराखाली घेतले. "मी नाही लावणार हात."

"का?"

"नको म्हटलं ना."

सून तशीच उकिडवी बसून राहिली. तिचे डोळे भरून आले. "'पाण्याने नाही झालं' असं उलटून म्हटलं म्हणून राग आहे का अजून? की माझ्या माहेरचं झाड म्हणून?"

झालं! आता गप्प राहिलं तर झाड वाचलं असतं, पण ही पोर आयुष्यभर मनात भलतंच धरून बसली असती. सिस्टरांनी चष्म्याचं घर उघडलं आणि तिच्यासमोर जमिनीवर ठेवलं. आत चष्मा नव्हता. डबी होती, आणि झाकणाच्या कडेला सांडलेली भुकटी.

सुनेला उमगायला क्षणभर लागला.

"या माथ्यावरच्या झाडालाही तुझ्या भावानेच काठी बांधली," सिस्टर म्हणाल्या. "त्याच हाताने, त्याच दिवशी. त्याचा दोष असता तर हेही गेलं असतं. हे वाचलं, कारण माझा हात इथे पोचत नव्हता. बाकी सगळी मी मारली. रोज सकाळी ओढून, त्याच बोटांनी, एकेक करून. आणि तुला चारचौघांत बोलले. आणि तो पोरगा फोनवर माफी मागत होता तेव्हा मी शेंगा निवडत होते."

सुनेने डबीकडे पाहिलं, रिकाम्या कुंड्यांकडे पाहिलं. ती रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"सोडलीच नव्हती."

सून उठली. खाली जाऊन फोन घेऊन आली, भावाचा नंबर लावला आणि फोन सिस्टरांच्या हातात दिला. "मला सांगितलंत ते त्याला सांगा." सिस्टरांनी सांगितलं. अडखळत, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत, काही न गाळता. नंतर तळमजल्यावर जाऊन त्या दोघींनाही सांगून आल्या, तेही कोणी न सांगता. जिना चढताना गुडघे बोलत होते, पण गुडघ्यांची लाज वाटत नाही, एवढं बरं.

डबी गेली. या वेळी शब्द वगैरे काही दिला नाही. द्यायला तोंड कुठे होतं? आणि सुनेने मागितलाही नाही. तिने फक्त एक खुर्ची कुंडीपासून दोन हात लांब मांडली. रोज सकाळी कामाला जाण्याआधी ती साबणाने हात धुऊन झाडापाशी बसे, आणि सिस्टर खुर्चीवरून सांगत. "ती नको, ती फुलाची दांडी आहे. खालची. हां, कोवळी आहे तोवर. नखाने." सून खुडे. दोघी कामापुरतंच बोलत. झाड खूप वाढलं तरी खुर्ची काही पुढे सरकली नाही, आणि सिस्टरांनी सरकवलीही नाही.

पहिलं फळ पिकलं तेव्हा भाऊ आला होता. चुण्या पडलेलं, वेडावाकडं, लालभडक. सुनेने ते चिरलं, बी काढून वडिलांच्या त्या घड्याळाच्या डबीसाठी वेगळं ठेवलं, एक फोड भावाला दिली, एक स्वतः खाल्ली. सिस्टर खुर्चीवरच होत्या. आपल्या वाट्याला येईल असं त्यांना वाटलं नव्हतं, आणि आली नसती तरी त्यांनी वाईट वाटून घेतलं नसतं.

सून एक फोड घेऊन त्यांच्यासमोर आली. सवयीने सिस्टरांचा हात पुढे झाला.

"हात नको," सून म्हणाली. "तोंड उघडा."

सिस्टरांनी हात मागे घेतला, मान वर केली आणि लहान मुलासारखं तोंड उघडलं.